हाताची बोटं आत वळताहेत: दारू, साखर, मशीन की वडील?

पटाशी

नमस्कार मंडळी. वय ५६, धंदा सुतारकाम, मुख्यतः फर्निचर. उजव्या तळहातावर अनामिकेच्या मुळाशी गाठ लागते. घट्टा नव्हे; घट्टे मला चांगले ओळखू येतात, हयात त्यांच्यासोबत गेली. घट्टा कातडीत असतो आणि काम बंद ठेवलं की मऊ पडतो. ही गाठ कातडीच्या खाली आहे आणि सुट्टीतही तिथेच असते. तिच्यावरची कातडी आत ओढल्यासारखी दबली आहे. आता गाठीपासून बोटाकडे वायर ताणल्यासारखं काहीतरी लागतं आणि बोट पूर्ण उघडत नाही. करंगळीनेही तोच रस्ता धरलाय.

दुखत नाही. मूठ घट्ट वळते, हातोडा चालतो, पटाशी धरता येते. अडतं ते हात उघडायच्या कामात. खिशात हात जात नाही, हातमोजा चढत नाही, तोंड धुताना बोट डोळ्यात जातं.

डॉक्टरांनी हात बघितल्या बघितल्या ‘डुपिट्रेन्स कॉन्ट्रॅक्चर’ असं नाव सांगून हाताच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. तिथली तारीख अजून लांब आहे, तोवर घरात खटला चालू आहे. बायकोच्या मते साखर (मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत). मुलीच्या मते राउटर आणि सँडर (लाकूड कोरायचं आणि घासायचं मशीन). मेहुण्यांच्या मते दारू, आणि हे ते चारचौघांत सांगतात. शनिवारी संध्याकाळी घेतो, नाकारत नाही. सिगारेट सोडलेली आहे.

मला मात्र वडील आठवतात. त्यांची करंगळी शेवटी शेवटी अशीच आत गेली होती. ‘कष्टाने वाकली’ असं सगळे म्हणायचे. वडील कारकून होते, पेनापेक्षा जड काही उचललं नाही.

तर जाणकारांनो, यातलं खरं कारण कोणतं? दारू बंद केली तर बोट सरळ होईल का, निदान आहे तिथे थांबेल का? मशीन बंद करू? आणि मुलांना हे होणार का?

चक्रधर

दारूच. आमच्या ऑफिसात एकाला होतं, रोज घ्यायचा.

पटाशी

मेहुणे, तुम्हीच का हे?

स्प्लिंटवाली

पटाशीदादा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हातांच्या शस्त्रक्रियेनंतर माणसांना पुन्हा कामाला लावणं हा माझा व्यवसाय. तुमचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान तुमच्या डॉक्टरांचंच. पण घरातल्या खटल्यात थोडी साक्ष देऊ शकते.

तळहाताच्या कातडीखाली चिवट तंतूंचा एक पडदा असतो, पामर फॅशिया. आपण काही घट्ट पकडतो तेव्हा कातडी जागची सरकत नाही ती त्याच्यामुळे. या आजारात पडद्यातल्या काही पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात, म्हणजे कोलॅजेनचे तंतूही बनवतात आणि स्नायूसारख्या आखडतातही. जखम भरताना याच पेशी जखमेचे काठ जवळ ओढतात आणि काम झालं की निघून जातात. इथे त्या जात नाहीत. आधी गाठ, मग दोर, मग दोर आखडत बोट आत. मूठ वळवणारे टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे, यात सापडलेले नसतात, म्हणून तुमचा हातोडा चालतो आणि हातमोजा चढत नाही.

आता आरोपी. तुम्ही ज्यांना शेवटी उभं केलंत ते वडील माझ्या लेखी पहिले. हा आजार घराण्यांतून उतरतो हे फार आधीपासून दिसत होतं. डेन्मार्कमधल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. २०११ साली जनुकसंचातल्या ९ जागा या आजाराशी जोडल्या गेल्या, २०१७ पर्यंत त्या २६ झाल्या. त्यातल्या बऱ्याच जागा पेशींना वाढीचे निरोप देणाऱ्या डब्ल्यूएनटी नावाच्या साखळीशी संबंधित आहेत. म्हणजे एकच बिघडलेलं जनुक आणि ते मिळालं की आजार, असं सरळ गणित नाही. ८० टक्के याचा अर्थ मुलांना ८० टक्के शक्यता असाही नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांमुळे, एवढंच तो आकडा सांगतो. ज्यांच्याकडे ही जनुकं आहेत त्यांच्यातही अनेकांची बोटं आयुष्यभर सरळ राहतात. काहींना नुसती गाठ येते आणि तिथेच थांबते.

त्यानंतर वय आणि पुरुष असणं. चाळिशीच्या आत क्वचित, पन्नाशीनंतर प्रमाण चढत जातं. पुरुषांत जास्त आणि लवकर. बायकांत उशिरा, त्यामुळे म्हातारपणी दोघांतलं अंतर कमी होतं. वंशही मोजला जातो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सगळ्यात जास्त, आशियाई आणि आफ्रिकी लोकांत कमी. कमी म्हणजे नाही असं नव्हे, माझ्या टेबलापाशी सगळे येतात.

मधुमेह: वहिनींचं म्हणणं निराधार नाही. मधुमेहींत हा आजार जास्त आढळतो आणि मधुमेह जितका जुना तितकं प्रमाण वाढतं. पण त्यांच्यात तो बहुधा सौम्य असतो. गाठी येतात, बोट फार वाकत नाही, आणि मधलं बोट आणि अनामिका जास्त सापडतात. तुमची अनामिका आणि करंगळी ही जोडी नेहमीच्या डुपिट्रेनची. मधुमेहात हाताची आणखी दोन दुखणी होतात आणि लोक सगळ्यांची एकच मोट बांधतात. ट्रिगर फिंगरमध्ये बोट अडकतं, पण दुसऱ्या हाताने ओढलं की खटकन उघडतं. तुमचं तसं उघडणार नाही. दुसऱ्यात दोन्ही हातांची जवळजवळ सगळी बोटं ताठरतात, कातडी जाड मेणचट होते, तळहात जोडले तर बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, पण दोर मात्र लागत नाही.

दारू. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण या एका शब्दामुळे माणसं हात खिशात लपवून फिरतात (तुमचा तर खिशातही जात नाही). संबंध आहे. बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, प्रमाण वाढलं की धोकाही वाढतो. पण भरपूर पिणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आजार होत नाही आणि हा आजार असणाऱ्यांपैकी बहुतेक जण भरपूर पिणारे नसतात. हात बघून कोणाची बाटली ओळखता येत नाही. मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ साली याची शस्त्रक्रिया झाली, त्या तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. रोनाल्ड रेगन यांच्यावर जानेवारी १९८९ मध्ये झाली, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवसांत. मेहुण्यांना आवडेल अशी एक गोष्टही सांगते. ज्यांचं नाव या आजाराला लागलं त्या फ्रेंच सर्जन गियोम डुपिट्रेन यांनी १८३१ साली पॅरिसमध्ये ज्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून दाखवली तो रुग्ण वाइनचा व्यापारी होता. पण डुपिट्रेन यांनी ठपका वाइनवर ठेवला नाही. तळहातावर वर्षानुवर्षं पडणाऱ्या दाबावर ठेवला.

म्हणजे मुलीचा मुद्दा. त्यावर तेव्हापासून भांडण चालू आहे. नुसत्या अंगमेहनतीचा पुरावा मिश्र आहे. तुमच्या वडिलांसारखे कारकून तो आणखी मिश्र करतात. पण कंप पावणाऱ्या यंत्रांचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम झालाय. ब्रिटनने डिसेंबर २०१९ पासून याला कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत घेतलं. त्यांची अट अशी की हातात धरायची, आतून कंप पावणारी यंत्रं एकूण निदान १० वर्षं, आठवड्यातले ३ किंवा जास्त दिवस, दिवसाला निदान २ तास वापरलेली असावीत आणि बोट वाकायला त्याच काळात सुरुवात झालेली असावी. राउटर, सँडर, ग्राइंडर त्यात येतात. हाताचा रंधा, पटाशी येत नाहीत.

सिगारेटचाही संबंध आहे. सोडलीत ते उत्तम, पुढेमागे शस्त्रक्रिया झाली तर जखम भरायला त्याचा थेट फायदा.

पण दादा, एवढं सगळं लिहूनही मला वाटतं तुमचा खटला चुकीच्या प्रश्नावर चालू आहे. आजार ‘का आला’ याची यादी वेगळी आणि ‘किती जोरात वाढेल’ याची वेगळी. घरात सगळे पहिल्या यादीवर भांडताहेत. सर्जनला दुसरी जास्त लागते. म्हणून हे बघून सांगा: सुरुवात पन्नाशीच्या आत झाली होती का? दुसऱ्या हातात गाठ आहे का? बोटांच्या मधल्या सांध्यांवर, वरच्या बाजूला, जाड उंचवटे आहेत का? तळपायाच्या कमानीत गाठी आहेत का? पुरुषांच्या लिंगातही अशाच तंतूंचा कडकपणा येऊन बाक येतो, त्याला पेरोनी म्हणतात. ते इथे लिहू नका, डॉक्टरांना सांगा. आई-वडील किंवा भावंडांत आजार, शिवाय यातलं बरंच काही, म्हणजे जोरात वाढणारा प्रकार, आणि शस्त्रक्रियेनंतर परत येण्याची शक्यताही जास्त.

आणि हात टेबलावर पालथा ठेवा. तळहात आणि बोटं एकदम सपाट टेकतात का? ह्यूस्टन नावाच्या ऑस्ट्रेलियन सर्जनची ही चाचणी आहे, तिला काही साहित्य लागत नाही.

सुलभा_ग

स्प्लिंटवाली ताईंनी बायकांना उशिरा होतो म्हटलं, तो नमुना मी. वय ७१. थेंबही घेतलेला नाही, साखर नाही, यंत्र म्हणाल तर शिवणयंत्र. दोन्ही हातांना आहे. माझ्या थोरल्या भावाला पन्नाशीतच झालं होतं, मला पासष्टीनंतर.

डाव्या करंगळीचा दोर आधी सुईने तोडला. जागेवर भूल देऊन सुईच्या टोकाने तो जागोजाग कमजोर करतात आणि बोट ताणून सरळ करतात. त्याच दिवशी घरी आले, चहाचा कप धरता आला. पण काही वर्षांत बोट पुन्हा निघालं आत. मग शस्त्रक्रिया करून रोगट भागच काढला. तिला बरं व्हायला वेळ लागला, हात सुजला, रात्री पट्टी घालून झोपायचे. पण बोट अजून बरंचसं सरळ आहे.

लोक काय म्हणतात याचा त्रास मात्र होतो. एका लग्नात एक गृहस्थ हसत म्हणाले, ‘हे तर पिणाऱ्यांना होतं.’ मी म्हटलं, मग तुमचे हात दाखवा.

चक्रधर

बरं बुवा, दारू नाही तर नाही. पण रोज जोर लावून चोळायचं, बोट मागे ताणून लाकडी पट्टी बांधायची. शिरा मोकळ्या होतात. शस्त्रक्रियेची गरजच नाही.

स्प्लिंटवाली

चक्रधरजी, शिरा नाहीत त्या. तयार झालेला दोर चोळून विरत नाही. जोर लावून ताणल्याने आजार थांबतो असा पुरावा नाही, आणि काही सर्जनांना तर भीती वाटते की सतत ताण दिला तर त्या पेशी जास्तच चेकाळतील. सुलभाताईंची रात्रीची पट्टी वेगळी, ती शस्त्रक्रियेनंतर हात बघून बनवलेली. आणि तीही सगळ्यांना सरसकट देऊन फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्प्लिंट म्हणजे हीच पट्टी, आणि माझं टोपणनाव स्प्लिंटवाली असूनही हे लिहितेय.

सुलभाताई, तुमचा अनुभव आकड्यांशी जुळतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ५ वर्षांनी पाहिलं तेव्हा सुईने केलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांत बोट पुन्हा वाकलेलं होतं, शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्क्यांत. तरी सुई वाईट ठरत नाही. जखम नगण्य, माणूस लवकर कामाला लागतो, पुन्हा करता येते. वय आणि काम बघून निवड करायची. लग्नातलं उत्तर मात्र मी चोरणार आहे.

नीरजा

मध्येच विचारते, माफ करा. नवऱ्याला अपस्माराचा त्रास आहे, लहानपणापासून गोळ्या चालू आहेत. त्यांच्याही हातात अशी गाठ आहे. कुठेतरी वाचलं की फिट्सच्या गोळ्यांनी होतं. गोळी कमी करून बघावी का?

स्प्लिंटवाली

नाही. नीरजाताई, हे उत्तर आधी वाचा, बाकी नंतर. गोळी स्वतःहून कमी करायची नाही, एका दिवसासाठीही नाही. अपस्मार आणि हा आजार यांचा संबंध जुन्या अभ्यासांत दिसलाय, संशय मुख्यतः फेनोबार्बिटोनसारख्या जुन्या औषधांवर. पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो सापडलेला नाही. आणि फिट येणं हे वाकलेल्या बोटापेक्षा किती तरी घातक. पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टना गाठ दाखवा आणि कोणती गोळी किती वर्षं चालू आहे ते विचारा. ते ठरवतील.

कुतूहल

थोडं अवांतर. याला ‘व्हायकिंग आजार’ म्हणतात, कारण उत्तर युरोपात जास्त. व्हायकिंगांनी, म्हणजे तिथल्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांनी, तो जगभर पसरवला ही लोकांची आवडती कथा. पण २०२३ साली ह्यूगो झेबर्ग, स्वान्ते पेबो वगैरे जनुकशास्त्रज्ञांनी काही हजार रुग्णांची जनुकं तपासली. आजाराशी जोडलेले ६१ जनुकीय फरक मिळाले, त्यातले ३ नामशेष झालेल्या निअँडरथल मानवाकडून आलेले, आणि त्या तिनातले २ सगळ्यात जोरदार परिणाम करणाऱ्यांमध्ये मोडतात. पटाशीदादांच्या खटल्यात आणखी एक आरोपी. समन्स कुठे पाठवायचं ते बघा.

पटाशी

वा, खटला भलताच मागे गेला.

स्प्लिंटवाली ताई, सांगितलंत ते सगळं बघितलं. हात टेबलावर टेकत नाही. अनामिकेच्या मुळाखालून पेन्सिल आरपार जाते. डाव्या हातात बारीक गाठ सापडली, मला पत्ताच नव्हता. सांध्यांवर उंचवटे नाहीत, तळपायात काही नाही. सुरुवात पन्नाशीनंतरची. राउटर-सँडर ब्रिटनच्या अटीत आरामात बसतात, मुलगी खूश. धाकट्या भावाला हात उघडायला लावला, त्याचा स्वच्छ. तो बँकेत असतो आणि माझ्यापेक्षा जास्त घेतो. हे मेहुण्यांना कळवलंय.

आता एवढंच: सर्जनची तारीख येईपर्यंत काय करू? मशीन बंद ठेवू का? दारू सोडली तर काही उपयोग?

स्प्लिंटवाली

दारू सोडली म्हणून वाकलेलं बोट सरळ होणार नाही, तो दोर विरणार नाही. वाढ थांबेल असं वचनही देता येत नाही. मधुमेह आणि यकृतासाठी कमी करा, ते कारण पुरेसं आहे. पण सोडली आणि तरी बोट वाकत राहिलं, तर मेहुण्यांना ‘लपून घेतो’ म्हणायला वाव देऊ नका. सोडूनही बोट वाकत राहू शकतं. साखरेचंही तेच, आटोक्यात ठेवा. बोटासाठी नाही तरी शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी लागेल.

मशीन पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही, पोटाचा धंदा आहे. वेळ तोडून वापरा, मध्ये दुसरं काम घ्या. कमी कंपाचं मशीन मिळत असेल तर बघा. बोथट बिट आणि झिजलेला सँडपेपर वेळेत बदला, त्यांनी कंप आणि जोर दोन्ही वाढतात. मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळू नका. मुंग्या येत असतील किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर सर्जनना नक्की सांगा, तो कंपाचा वेगळा आजार आहे.

मुलांचं: त्यांना आजोबांचं आणि तुमचं सांगून ठेवा. तपासण्या करत बसायची गरज नाही. तळहातात गाठ लागली तर दाखवायची, एवढं माहीत असलं की झालं.

तुमची पन्नाशीनंतरची सुरुवात आणि स्वच्छ सांधे-तळपाय या जमेच्या बाजू. वडिलांचा इतिहास आणि डाव्या हातातली गाठ या खर्चाच्या. शस्त्रक्रियेचा विचार साधारणपणे बोटाच्या मुळाचा सांधा ३० अंशांच्या आसपास अडकला की सुरू होतो. मधला सांधा वाकायला लागला तर एवढी वाट बघत नाहीत, कारण तो फार दिवस वाकून राहिला की दोर काढला तरी सरळ व्हायला कुरकुरतो. म्हणून महिन्यातून एकदा हात टेबलावर ठेवून बाजूने फोटो काढा, दरवेळी त्याच कोनातून. डावा हातही. सर्जनना माझ्या एवढ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा ते फोटो जास्त उपयोगी पडतील. मधला सांधा भरभर वाकतोय असं दिसलं तर तारीख अलीकडे मागा. अनामिकेत अंगठी असेल तर निघतेय तोवर काढून ठेवा. आणि मधुमेहाच्या गोळ्यांसोबत रक्त पातळ करणारी एखादी गोळी चालू असेल तर तिचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या.